जशी आली तशी

थळच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी उभे राहिले की समोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे दिसतात. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर बांधकाम सुरू केले, पाठोपाठ सिद्दीने उंदेरी बळकावली आणि थळच्या दारातच दोन आरमारांचा झगडा पेटला. इतिहासात रस असलेला माणूस इथे आला की त्याची नजर त्या तटांकडे जाते. माझी नजर लहानपणापासून पायाखालच्या वाळूकडे जाते. भरती ओसरल्यावर काही तास ही ओली वाळू फरशीसारखी घट्ट असते. गाडी भरधाव गेली तरी चाक रुतत नाही. उधाणाच्या दिवसांत ओहोटीही लांबवर जाते आणि रुंद पट्टा मिळतो. अलिबाग तालुक्याच्या किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती होत आल्या, त्या या वाळूच्या जिवावर.

आमच्या घरी थोडी भातशेती, थोडी वाडी आणि बैलांची एक जोडी होती. शर्यतीच्या दिवशी माझे आजोबा सुरुवातीच्या रेषेवर उभे राहत. ते पंच वगैरे नव्हते. वयाने वडील म्हणून लोक त्यांचे ऐकत. गाडी रेषेवर आली की बैलांकडे पाहण्याआधी ते गाडीवानाला म्हणत, “हात दाखव बघू.” पराणीच्या टोकाला आर, म्हणजे खिळा, बसवला आहे का हे ते बोट फिरवून पाहत. एका वर्षी माझ्या काकांनी हात दाखवला. पराणी गुळगुळीत होती. आमची जोडी पहिली आली. संध्याकाळी बैल धुताना आजोबांना एका बैलाच्या पुठ्ठ्यावर रक्ताचे तीन ठिपके दिसले. ते काही बोलले नाहीत. बक्षिसाची ढाल माजघरात लागली आणि ती आजही तिथेच आहे. खिळा कुठे होता हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. काकांचे हात रिकामेच होते. खिळा कनवटीला होता.

ही गोष्ट मी विसरलो होतो. ती आठवली माझ्या भाच्यामुळे. तो पनवेलला गाड्यांच्या कामात आहे आणि त्याला ड्रॅग रेसिंगचे वेड आहे. ते काय असते हे त्याने मला समजावून सांगितले. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, उभ्या जागेवरून सोडायच्या, सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, पळवायच्या. जी आधी पोचेल ती जिंकली. वळण नाही, फेऱ्या नाहीत. मी म्हटले, “अरे, ही तर आपली पुळणीवरचीच शर्यत.” मग त्याने वर्ग सांगितले. त्यातला एक ‘स्टॉक’. स्टॉक म्हणजे कंपनीतून जशी आली तशी गाडी, तिच्यात फेरफार करायचा नाही. मी विचारले, “पण केला नाही हे बघणार कोण?” तो हसला. “मामा, सगळा खेळ तिथेच तर आहे.”

त्या वाक्यामागे लागून मी दोन-तीन वर्षे नियमावल्या वाचत गेलो. गाड्यांच्या आणि बैलांच्याही. त्यातून एक गोष्ट मला पटली, ती या लेखात मांडतो. शर्यतीची नियमावली ही लबाड्यांची बखर असते. तिच्या बहुतेक कलमांमागे कुणीतरी एकदा जिंकलेले असते.

*

‘जशी आली तशी’ या कल्पनेची पहिली मोठी परीक्षा अमेरिकेत १९ जून १९४९ रोजी झाली. नॅस्कार ही संस्था तेव्हा नुकती स्थापन झाली होती. लोक रस्त्यावर चालवतात त्याच गाड्या शर्यतीत पळाव्यात, म्हणजे प्रेक्षकाला आपल्या दारातली गाडी जिंकताना दिसेल, असा तिचा हिशेब. वर्गाचे नावच होते ‘स्ट्रिक्टली स्टॉक’. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट इथे मातीच्या गोल मार्गावर २०० फेऱ्यांची शर्यत झाली. ग्लेन डनवे १९४७ ची फोर्ड घेऊन पहिला आला. नंतर तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या पाट्यांमध्ये, म्हणजे स्प्रिंगांमध्ये, फेरफार सापडला. चोरटी दारू वाहणारे लोक तेव्हा अशा पाट्या करून घेत, कारण मालाने भरलेली गाडी मागे दबली नाही म्हणजे पोलिसांना संशय येत नसे. तीच कडक पाटी वळणावर गाडीला स्थिर ठेवी. डनवेला बाद केले आणि पहिला क्रमांक लिंकन चालवणाऱ्या जिम रोपरला दिला. डनवेच्या गाडीचा मालक कोर्टात गेला. कोर्टाने दावा फेटाळला. आपल्या शर्यतीचे नियम ठरवण्याचा आणि लागू करण्याचा संस्थेचा अधिकार मान्य झाला.

म्हणजे या वर्गाच्या पहिल्याच शर्यतीचा पहिलाच विजेता फेरफारासाठी बाद झाला. पुढची पाऊणशे वर्षे हेच प्रकरण वेगवेगळ्या तऱ्हांनी चालू आहे.

सरळ रेषेतल्या शर्यतीची गोष्ट याच सुमारास सुरू होते. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत ओस पडलेल्या धावपट्ट्या होत्या आणि गाड्यांची हौस असलेली तरुण पोरे होती. ही पोरे गावच्या रस्त्यांवर शर्यती लावत, अपघात होत, पोलीस मागे लागत. त्यांना रस्त्यावरून धावपट्टीवर न्यावे म्हणून १९५१ मध्ये वॉली पार्क्स याने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्ससमधल्या ग्रेट बेंड इथे एका जुन्या विमानतळावर झाली. रस्त्यावरची पोरे धावपट्टीवर आली, ती आपापल्या गाड्या घेऊन. कुणाची बापाची गाडी, कुणाची गॅरेजमध्ये वर्षभर खपून केलेली. दोघांना एका रेषेवर उभे करणे हा अन्याय होता. म्हणून वर्ग आले, आणि वर्ग आले म्हणून व्याख्या आल्या.

स्टॉक वर्गात गाड्यांची वाटणी वजन आणि अश्वशक्ती यांच्या प्रमाणावर होई. एका अश्वशक्तीच्या वाट्याला किती वजन येते ते पाहायचे आणि सारख्यांना सारख्यांशी लावायचे. हिशेब चोख होता. फक्त अश्वशक्तीचा आकडा कंपनी सांगेल तो धरायचा होता. कंपन्यांना यातली मेख लगेच कळली. शर्यत जिंकली की पुढच्या आठवड्यात दुकानात गाड्या खपतात. मग आकडा कमी सांगावा, गाडी हलक्या वर्गात बसवावी आणि जिंकावी. १९६८ मध्ये फोर्डने एक मस्टँग आणली, तिच्या इंजिनाची अश्वशक्ती कागदावर ३३५ होती. पोमोनाच्या हिवाळी स्पर्धेत ती जिंकली, आणि खरा आकडा कितीतरी वर असणार हे पाहणाऱ्या प्रत्येकाला कळले. शेवटी संस्थेने कंपन्यांचे आकडे बाजूला ठेवून गाडी प्रत्यक्षात पळते कशी यावरून स्वतःचे आकडे लावायला सुरुवात केली. नियमावलीतल्या त्या तक्त्यांच्या मागे ही सारी लपवाछपवी आहे.

टायरचेही तसेच. शर्यतीचे टायर गुळगुळीत असतात, कारण गुळगुळीत रबर रस्त्याला जास्त चिकटते. स्टॉक गाडीला रस्त्यावरचे, नक्षीचे टायर हवेत, असा नियम झाला. तेव्हा टायरवाल्यांनी गुळगुळीत टायरला दोन-चार खाचा पाडल्या आणि म्हणाले, ही घ्या नक्षी. त्या टायरांना तिकडे उघडउघड ‘चीटर स्लिक्स’ म्हणत. मग रुंदीचा नियम आला. कॅमशाफ्टच्या बाबतीत व्हॉल्व्ह किती उचलायचा हे बांधून दिले, पण किती वेळ उघडा ठेवायचा हे मोकळे सोडले. सगळी हिकमत त्या मोकळ्या जागेत शिरली.

यातली सर्वांत विलक्षण गोष्ट लबाडीची नाही, कायदेशीर आहे. कारखान्यात कुठलाही सुटा भाग नेमक्या मापाचा होत नाही. थोडा कमी-जास्त चालतो, आणि किती चालतो हे कंपनीने लिहून दिलेले असते. स्टॉक वर्गाचा कसबी कारागीर काय करतो? प्रत्येक भाग त्या मुभेच्या सर्वांत फायद्याच्या टोकाला नेऊन बसवतो. एकही कलम मोडत नाही. पण तयार होते ते इंजिन कुठल्याही कारखान्यातून योगायोगानेसुद्धा बाहेर पडले नसते. ‘जशी आली तशी’ हा गरिबाच्या गाडीसाठी काढलेला वर्ग. त्यातली गाडी अशी बारकाईने महाग होत गेली.

*

आपल्याकडे मोटारींच्या शर्यतीही धावपट्ट्यांवरच वाढल्या. मद्रासजवळ शोलावरमची युद्धकाळातली धावपट्टी हे त्यांचे पहिले मोठे घर. अलीकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती झाल्या आणि तिथे माझ्या भाच्यासारखी पोरे महाराष्ट्रभरातून गेली. मात्र भारतात एक गंमत आहे. ‘जशी आली तशी’ हा इथे केवळ खेळाचा नियम नाही, तो देशाचा कायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ सांगते की कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी न जुळणारा फेरफार मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारामागे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपये दंड अशी शिक्षा आली. कलम १८९ तर सार्वजनिक जागेत सरकारच्या लेखी परवानगीशिवाय वेगाची शर्यतच लावू देत नाही. म्हणजे आपला रस्ता हाच एक मोठा स्टॉक वर्ग आहे आणि त्याचे तपासनीस आरटीओत बसतात. तिथली तपासणी कशी चालते हे वाचकांना मी सांगायला नको.

*

आता बैलांकडे येतो. बैलाला कंपनी नाही, तपशीलपत्रक नाही. तरीही त्याच्याबाबत आपण वजन-शक्तीचे कोष्टक केलेले आहे. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. बैल लहान, मध्यम की मोठा, आणि गाडीला बॉल-बेअरिंग आहे, हवेचे टायर आहेत की साधी चाके, यावरून किती ओझे लादायचे ते त्यात ठरवून दिले आहे. दिवसात ९ तासांहून जास्त काम नाही, सलग ५ तासांहून जास्त नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर जाणाऱ्या भागात दुपारी १२ ते ३ जुंपायचे नाही. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ड्रॅग रेसिंगचे तक्तेच आठवले. फरक एवढाच की तिथे वजन मोजतात ते दुसऱ्या गाडीवर अन्याय होऊ नये म्हणून, आणि इथे मोजतात ते ओढणाऱ्यावर अन्याय होऊ नये म्हणून.

शर्यतीचा कायदा मात्र निराळ्या वाटेने आला. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम २२ खाली, ज्या प्राण्यांचे खेळ करता येणार नाहीत त्यांची यादी केंद्र सरकार काढू शकते. १९९८ च्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह होते. ११ जुलै २०११ रोजी त्यात बैलाची भर पडली. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये ती अधिसूचना उचलून धरली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडी शर्यती, दोन्हींवर बंदी घातली. न्यायालयासमोर जल्लीकट्टूचे जे अहवाल आले त्यांत शेपट्या पिरगाळणे, चावणे, डोळ्यांत तिखट टाकणे, दारू पाजणे असे प्रकार नोंदलेले होते. बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, तो ओढणारा प्राणी आहे, असेही न्यायालयाने म्हटले.

बंदीला दोन बाजू होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. शर्यत बंद झाली तर खिल्लार जात सांभाळणार कोण, हा शेतकऱ्यांचा प्रश्न पोकळ नव्हता. आमच्याच भागाचे सांगतो. ऐंशीच्या दशकात थळला खताचा कारखाना आला, जमिनी गेल्या, नोकऱ्या आल्या. उरलेल्या शेतात पुढे यंत्रे आली. नांगराला बैल लागेनासा झाला, तेव्हा दारात बैल ठेवायला शर्यत हेच एक कारण पुष्कळ घरांना उरले. दुसरी बाजू आमच्या माजघरात ढालीच्या रूपाने लटकते आहे.

जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी लाखो लोक जमले आणि तमिळनाडूने केंद्रीय कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही केली. राष्ट्रपतींची संमती आली, पण ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने शर्यतींना मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी केलेल्या नियमांच्या अधीन राहून परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

ते २०१७ चे नियम मी थळच्या पुळणीवरच बसून वाचले. जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी, अनामत रक्कम, पशुवैद्यकाची तपासणी, शर्यतीचे चित्रीकरण. मार्ग १००० मीटरहून लांब नको. काठी, चाबूक, विजेचा झटका देणारे यंत्र, यातले काही वापरायचे नाही. दुरुस्तीत शिक्षाही आहे, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. वाचताना प्रत्येक कलमामागे मला एकेक माणूस उभा दिसत होता. काठीच्या कलमामागे माझे काका होते.

अंतराचे कलम वाचून मला २००८ साल आठवले. त्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेत स्कॉट कलिटा हा ड्रॅग रेसर गाडी थांबवता न आल्याने मेला, आणि काही आठवड्यांत सर्वांत वेगवान वर्गांची शर्यत पाव मैलावरून १००० फुटांवर आणली गेली. तिकडे माणूस मेल्यावर अंतर कमी झाले. बैलाच्या वतीने तेच करायला कोर्टाची इतकी वर्षे लागली.

*

दोन्ही नियमावल्या शेजारी ठेवल्या की दोन गोष्टी दिसतात.

पहिली अशी की नियम साध्या वस्तूसाठी केला तरी शर्यत ती वस्तू साधी राहू देत नाही. स्टॉक इंजिनाचे जे झाले तेच शर्यतीच्या बैलाचे झाले. त्याला दूध, अंडी, भरडा असा खुराक असतो, तो नांगराला कधी जुंपला जात नाही, त्याची किंमत लाखांत जाते. छकडाही ओझ्याच्या गाडीचा राहिला नाही, तो हलका झाला. यात बेकायदेशीर काही नाही. पण ‘शेतकऱ्याच्या दारचा बैल’ हे शब्द आपण अजून वापरतो, तेव्हा ते ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ इतकेच खरे असतात.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. गाडीचा नियम मोडला तर हरलेला माणूस तक्रार करतो. त्याला तोंड आहे, वकील आहे, आणि त्याचा पुढच्या शर्यतीचा स्वार्थ आहे. शिवाय जिंकलेले इंजिन उघडता येते. हेड काढतात, बोअर मोजतात, कॅम तपासतात, आणि धातू खोटे बोलत नाही. बैलाचा नियम मोडला तर नुकसान हरलेल्या जोडीचे थोडे आणि जिंकलेल्या जोडीचे जास्त असते. जो बैल टोचला जातो तोच जिंकतो. तक्रार करायची तर विजेत्याने करायची, आणि विजेता मुका. म्हणून इथे नियम पुस्तकात असून भागत नाही, रेषेवर कुणीतरी उभे असावे लागते. घटनापीठाने निकालाच्या शेवटी नेमके हेच म्हटले आहे. नियमांची काटेकोर अंमलबजावणी व्हावी आणि जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची राहील, असा आदेश त्यात आहे. कायदा वैध ठरला तो अंमलबजावणीच्या भरवशावर.

मला आजोबांच्या मौनाचा राग बरीच वर्षे होता. आता वाटते, ते तपासनीस म्हणून कमी पडले नव्हते, घरचे माणूस म्हणून कमी पडले. रेषेवर त्यांनी दुसऱ्यांच्या पराण्यांवरून बोट फिरवले. आपल्या घरच्या बैलाच्या पुठ्ठ्यावर बोट ठेवून बोलणे त्यांना जमले नाही. तपासणारा त्या गावचा, त्या पक्षाचा, त्या भावकीचा असला की हे होते. म्हणूनच चित्रीकरणाचे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि ते चित्रीकरण पुढे कुणी पाहते का हा प्रश्न त्याहून मोलाचा.

गेल्या दिवाळीत भाचा थळला आला होता. ढाल पाहून म्हणाला, “मामा, ही कुठल्या वर्गातली?” मी त्याला तीन ठिपक्यांची गोष्ट सांगितली. तो जरा गप्प बसला आणि म्हणाला, “आमच्याकडे असं सापडलं तर नाव खोडतात, पण शर्यत झाली याची नोंद ठेवतात.” डनवेचेही तसेच झाले होते, तो पहिला आला आणि बाद झाला, या दोन्ही गोष्टी आज नोंदलेल्या आहेत.

ढाल मी काढलेली नाही. तिच्या मागच्या बाजूला मात्र खडूने लिहून ठेवले आहे, बैलाचे नाव आणि ‘आर कनवटीला होती’. खडू पुसला जातो, म्हणून दर दिवाळीला घर सारवून झाले की ते पुन्हा लिहितो.